फियामे नाओमी माताआफा आणि सामोआची संसद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फियामे नाओमी माताआफा कोण?

सामोआच्या संसदेत १९८५ पासून लोतोफाङा मतदारसंघाच्या सदस्य. देशाच्या पहिल्या महिला मंत्री (१९९१), पहिल्या महिला उपपंतप्रधान (२०१६) आणि पहिल्या महिला पंतप्रधान (२०२१ ते २०२५). जन्म २९ एप्रिल १९५७ चा, राजधानी आपिआमधला. पंतप्रधानपद आले आणि गेले, पण लोतोफाङाची जागा चाळीस वर्षे त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्याबद्दल वाचताना ही जागा नजरेआड केली तर बाकीच्या घटनांचा नीट उलगडा होत नाही.

कोणते सामोआ? अमेरिकेचे?

नाही. इथे विषय स्वतंत्र सामोआचा आहे. उपोलू आणि सावाई ही त्याची दोन मोठी बेटे, लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. १ जानेवारी १९६२ रोजी न्यूझीलंडच्या कारभारातून मुक्त झालेला हा देश १९९७ पर्यंत ‘पश्चिम सामोआ’ म्हणवत होता. पूर्वेकडचा अमेरिकन सामोआ हा अमेरिकेचा प्रदेश. भाषा एक, नातीगोती एक, पण संसद वेगळी.

‘लोतोफाङा’मध्ये ङ कशाला? बातम्यांत तर ‘लोटोफागा’ असते.

सामोअन भाषेत रोमन ‘जी’ अक्षराचा उच्चार ग नसून ङ आहे. आपल्या वर्णमालेतला हा ङ एरवी ‘वाङ्मय’ लिहिण्यापुरताच बाहेर निघतो. इथे मात्र तो अगदी नेमका बसतो: लोतोफाङा, मालिएलेङाओई, पाङो पाङो. इंग्रजांना तो लिहून दाखवायला कसरत करावी लागते, आपल्याकडे अक्षरच तयार आहे, तर वापरावे. दुसरी गोष्ट, ‘माताआफा’ मधले दोन आ सलग ओढायचे नाहीत. मध्ये गळ्यात क्षणभर अडकल्यासारखे थांबून म्हणायचे: माता-आफा.

‘फियामे’ हे नाव की आडनाव?

दोन्ही नाही, ती उपाधी आहे. नाओमी हे नाव. माताआफा ही वडिलांची उपाधी, जी घरात आडनावासारखी चालते. म्हणून सामोआत त्यांना ‘फियामे’ म्हणतात. परदेशी वृत्तसंस्था शेवटचा शब्द आडनाव धरून ‘माताआफा म्हणाल्या’ असे छापतात, ते तिथल्या कानाला खटकते.

अशा उपाधीधारकाला मताई म्हणतात, म्हणजे कुळाचा प्रमुख. मराठी वाचकाला इथे पाटील-देशमुख आठवतील. साम्य थोडे आहे, फरक मोठा आहे. पाटीलकी वतनाने बापाकडून मुलाकडे आली आणि पुढे नुसते आडनाव उरले. मताईपद आपोआप कोणाकडेच जात नाही. सगळ्या कुळाने, म्हणजे त्यांच्या शब्दांत ‘आइङा’ने, बसून ते कोणाला द्यायचे हे ठरवावे लागते. पुरुषालाच द्यावे असा देशाचा कायदा नाही, पण बाई मताई होणे आजही पुरुषांच्या तुलनेत फार कमी.

वडील पंतप्रधान होते. मग ही सरळ घराणेशाहीच ना?

अर्धे खरे. वडील फियामे माताआफा फाउमुइना मुलिनूउ दुसरे हे देशाचे पहिले पंतप्रधान, आणि १९७५ मध्ये पदावर असतानाच वारले. आई लाउलू फेताउइमालेमाऊ याही खासदार होत्या, पुढे न्यूझीलंडमध्ये उच्चायुक्त झाल्या. आजोबा ‘ले मामेआ मातातुमुआ आता’ हे राज्यघटना घडवणाऱ्यांपैकी एक. याहून भक्कम घर सामोआत शोधूनच काढावे लागेल.

पण उपाधी घरात बसून मिळाली नाही. वडील गेले तेव्हा नाओमी अठरा वर्षांच्या होत्या. अकराव्या वर्षापासून शिक्षण वेलिंग्टनमध्ये झाले होते, आणि तिथल्याच व्हिक्टोरिया विद्यापीठात राज्यशास्त्र चालू होते. वडिलांच्या उपाध्यांवरून जमीन व उपाधी न्यायालयात दावे उभे राहिले, म्हणून १९७७ मध्ये शिक्षण सोडून त्या परतल्या. १९७८ मध्ये ‘फियामे’ उपाधी त्यांना मिळाली, तेव्हा वय होते विशीच्या उंबरठ्यावर. ‘माताआफा’ ही देशातल्या चार सर्वोच्च उपाध्यांपैकी एक. ती मात्र त्यांच्याकडे आलेली नाही. हे दोन गुंते अनेक लेखांत एकत्र होतात.

याच न्यायालयाशी निगडित कायद्यांवरून त्रेचाळीस वर्षांनी त्यांनी उपपंतप्रधानपद सोडले. त्याबद्दल पुढे आहे.

मताई नसेल तर निवडणूक लढवताच येत नाही?

येत नाही. आणि नुसती उपाधीही पुरत नाही. पायऱ्या साधारण अशा:

आधी कुळाने उपाधी द्यायची. मग गावात ‘साओफाई’ हा पदग्रहणाचा विधी होतो. गावच्या मंडळींसमोर ‘आवा’ हे पेय दिले-घेतले जाते, चटया आणि अन्न वाटले जाते. मग जमीन व उपाधी न्यायालयाच्या नोंदवहीत नाव चढवायचे. हरकत आली तर प्रकरण तिथेच अडकते, आणि अडकले की वर्षेही जातात.

दुसरी अट मोनोताङाची. मताईने गावासाठी करायची सेवा, ती रोख, वस्तू किंवा अन्नाच्या रूपाने असते: गावातल्या मयतीला, चर्चच्या कामाला, शाळेला, पाहुण्यांच्या सरबराईला. उमेदवारी अर्जाच्या आधीची सलग तीन वर्षे ही सेवा केल्याचे दाखवावे लागते, आणि ते गावच्या प्रतिनिधीने प्रमाणित करायचे असते. शिवाय अर्जाआधीची तीन वर्षे देशात वास्तव्य हवे.

अर्ज गळतात ते बहुधा इथेच. माणूस ऑकलंड किंवा सिडनीला राहतो, पैसे भावाच्या हाती पाठवतो, गावाच्या हिशेबात ते भावाच्या नावावर जमा होतात. किंवा उपाधी एका गावची आणि सेवा दुसऱ्या गावाला. मग प्रतिस्पर्धी कोर्टात जातो आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना साक्षीला उभे करून कोणी किती डुकरे, किती चटया दिल्या याची उलटतपासणी होते. वाचायला गमतीचे वाटते, पण खासदारकी यावरच जाते.

१९८५ मध्ये त्यांना मत कोणी दिले?

मताईंनीच. तेव्हा जवळपास सगळ्या जागांसाठी मतदानाचा हक्कही मताईंपुरताच होता. ४७ पैकी फक्त दोन जागा ‘वैयक्तिक मतदारां’च्या, म्हणजे कुळव्यवस्थेबाहेरच्या नागरिकांच्या. सार्वत्रिक मताधिकार ऑक्टोबर १९९० च्या सार्वमताने आला, तोही २१ वर्षांवरील सर्वांना. १९९१ ची निवडणूक ही त्या पद्धतीची पहिली. उमेदवार मात्र आजही मताईच लागतो.

म्हणजे फियामे यांनी पहिली निवडणूक गावागावातल्या प्रमुखांपुढे जिंकली आणि पुढच्या त्याच गावातल्या सामान्य मतदारांपुढे. दोन्ही प्रकारच्या मतदारांना सामोऱ्या गेलेल्या राजकारण्यांची पिढी आता जवळपास संपली आहे.

लोतोफाङा आहे कुठे? उपोलूच्या दक्षिण किनाऱ्यावर. पर्यटकांच्या छायाचित्रांत हिरव्या भिंतींचा खोल खड्डा, तळाशी समुद्राचे निळे पाणी आणि त्यात उतरणारी उंच लाकडी शिडी दिसते ना, ते ‘तो सुआ’ याच गावाच्या हद्दीत.

मंत्रिपदे कोणकोणती?

१९९१ ते २००६ शिक्षण, २००६ ते २०११ महिला, समुदाय व समाजविकास, २०११ ते २०१६ न्याय. त्यानंतर २०२० पर्यंत उपपंतप्रधान आणि नैसर्गिक संसाधने व पर्यावरण. हे सगळे मानवी हक्क संरक्षण पक्षाच्या सरकारांत. हा पक्ष १९७९ मध्ये स्थापन झाला, १९८२ मध्ये सत्तेवर आला आणि मधला छोटा खंड सोडला तर २०२१ पर्यंत हललाच नाही.

शिक्षण खात्याची पंधरा वर्षे हा कारकिर्दीतला सर्वांत लांब आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग. पद मिळाले त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘वाल’ चक्रीवादळ आले आणि शाळांच्या इमारती भुईसपाट झाल्या. त्याच्या पावणेदोन वर्षे आधी ‘ओफा’ येऊन गेलेच होते. म्हणजे नव्या मंत्र्यांचे पहिले काम छपरे परत चढवण्याचे.

२०२० मध्ये राजीनामा का दिला?

तीन विधेयकांवरून: घटनादुरुस्ती, जमीन व उपाधी, आणि न्यायव्यवस्था. एकत्र वाचली तर परिणाम असा, की जमीन व उपाधी न्यायालय सर्वोच्च न्यायालयाच्या कक्षेतून बाहेर काढून त्याची स्वतंत्र उतरंड करायची, अपिलासकट. सरकारचे म्हणणे: रूढी-परंपरेचे निवाडे परंपरा जाणणाऱ्यांनीच शेवटपर्यंत करावेत. विरोधकांचे म्हणणे: मग गावाच्या पंचायतीने कोणाचा मूलभूत हक्क डावलला तर दाद मागायला दार उरत नाही.

देशातली सुमारे ८० टक्के जमीन कुळांच्या सामाईक मालकीची आहे आणि तिचा ताबा मताईपदाशी बांधलेला. त्यामुळे हा वकिलांपुरता वाद नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये फियामे मंत्रिमंडळातून बाहेर पडल्या. विधेयके डिसेंबरमध्ये मंजूर झालीच. मार्च २०२१ मध्ये त्या ‘फास्ट’ पक्षाच्या नेत्या झाल्या. हे नाव इंग्रजी ‘वेगवान’वरून नाही, ‘फाआतुआतुआ इ ले आतुआ सामोआ उआ तासी’ याची ती आद्याक्षरे आहेत. पक्ष काढला होता लाआउली लेउआतेआ यांनी, आदल्या वर्षी. हे नाव लक्षात ठेवा, २०२५ मध्ये परत लागेल.

२०२१ च्या निकालात नेमके काय झाले?

९ एप्रिलला मतदान. एकूण ५१ जागा. फास्ट २५, मानवी हक्क संरक्षण पक्ष २५, अपक्ष १. तो एक अपक्ष म्हणजे तुआला योसेफो पोनिफासिओ. त्यांनी ठरवायच्या आधीच, २० एप्रिलला, निवडणूक आयोगाने सत्ताधारी पक्षाच्या एका पराभूत उमेदवार महिलेला राखीव कोट्यातून खासदार जाहीर केले: २५ विरुद्ध २६. दुसऱ्या दिवशी तुआला फास्टमध्ये गेले: २६ विरुद्ध २६.

तो कोटा काय प्रकार आहे?

२०१३ च्या घटनादुरुस्तीने संसदेत किमान १० टक्के महिला असाव्यात असे ठरले. आपल्या ग्रामपंचायतीतल्यासारखा प्रभाग राखीव ठेवत नाहीत. निकाल लागू द्यायचा, निवडून आलेल्या महिला मोजायच्या, कमी पडल्या तर हरलेल्या महिलांपैकी मतांची टक्केवारी सर्वाधिक असलेलीला जादा सदस्य करायचे. म्हणजे जागा कोणाची जात नाही, सभागृहच वाढते.

तरतूद लिहिताना सभागृह ४९ चे होते, म्हणून ‘सध्या हा आकडा ५’ असेही मजकुरात घातले. पुढे जागा झाल्या ५१ आणि कोणी तो आकडा तपासला नाही. २०२१ मध्ये पाच महिला निवडून आल्या. ५ भागिले ५१ म्हणजे ९.८ टक्के. कोटा पूर्ण झाला की नाही? आकडा वाचला तर झाला, टक्केवारी वाचली तर नाही. अर्धा वाक्यांश साफ करायचा राहून गेला आणि त्यावर देशाचे सरकार टांगले गेले.

सर्वोच्च न्यायालयाने १७ मे रोजी म्हटले, पाच पुरेत, नेमणूक रद्द. २ जूनला अपील न्यायालयाने (सामोआत ते सर्वोच्च न्यायालयाच्याही वर असते) म्हटले, किमान सहाच हव्यात, पण मोजणी सगळे निवडणूक दावे आणि पोटनिवडणुका आटोपल्यावरच करायची. म्हणजे तत्त्व एका बाजूने, तात्काळ फायदा दुसऱ्या बाजूला.

तंबूतला शपथविधी: हे खरेच झाले?

झाले. घटनेनुसार निवडणुकीनंतर ४५ दिवसांत संसद भरलीच पाहिजे. ९ एप्रिलपासून ४५ वा दिवस म्हणजे सोमवार, २४ मे.

त्याआधी ४ मे रोजी राष्ट्रप्रमुखांनी ‘बरोबरी झाली, पुन्हा निवडणूक घ्या’ असे जाहीर केले होते. १७ मे रोजी न्यायालयाने तेही रद्द ठरवले. मग संसद बोलावण्याचा आदेश निघाला आणि शनिवारी, २२ मे रोजी रात्री, कारण न देता मागे घेतला गेला. रविवारी न्यायालय बसले. सामोआत रविवारी चर्च आणि जेवण सोडून काही हलत नाही, तिथे न्यायमूर्ती कामाला बसले यावरून तातडी समजावी. माघार रद्द झाली, संसद सोमवारीच भरवायची असे ठरले.

सोमवारी सकाळी मुलिनूउ इथल्या संसद भवनाला कुलूप. झगा चढवून आलेले सरन्यायाधीश दार लोटून पाहून परत गेले. दुपारनंतर समोरच्या हिरवळीवर मांडव टाकून फास्टच्या सदस्यांनी शपथ घेतली, आणि फियामे पंतप्रधान झाल्या.

राष्ट्रप्रमुख हजर नसताना ती शपथ वैध कशी?

घटनेत शपथ राष्ट्रप्रमुखांसमोर घ्यायची आहे, म्हणून अडचण खरीच होती. २८ जूनला सर्वोच्च न्यायालयाने शपथविधी अवैध ठरवला, पण सात दिवसांत संसद भरवा असेही सांगितले. ती भरली नाही. २३ जुलैला अपील न्यायालयाने उलट निकाल दिला. ज्यांच्यावर संसद भरवण्याचे कर्तव्य होते त्यांनीच ते टाळल्यावर दुसरा मार्ग उरला नव्हता, सबब गरजेच्या तत्त्वावर २४ मेची शपथ ग्राह्य, आणि त्या दिवसापासून सरकार फास्टचेच. त्यानंतर मानवी हक्क संरक्षण पक्षाचे नेते तुइलाएपा साइलेले मालिएलेङाओई यांनी पराभव मान्य केला. १९९८ पासूनची, बावीस वर्षांहून जास्त लांब अशी त्यांची पंतप्रधानकी तिथे संपली.

पंतप्रधान म्हणून ठळक काय?

वाइउसु उपसागरातला चीनच्या मदतीचा सुमारे १० कोटी डॉलरचा धक्का रद्द केला, कारण सरळ सांगितले: इतका मोठा धक्का देशाला परवडणारा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद आपिआत भरवली. एवढ्या छोट्या देशाला ती पेलणे सोपे नव्हते, त्यात दोनच आठवडे आधी न्यूझीलंडच्या नौदलाचे ‘मानावानुई’ जहाज दक्षिण किनाऱ्यावरच्या प्रवाळावर अडकून बुडाले होते. जहाजावरचे सगळे, म्हणजे ७५ जण, वाचले.

२०२५ मध्ये सरकार पडले कसे?

पक्षाचे अध्यक्ष आणि मंत्री असलेल्या लाआउलींवर जानेवारीत फौजदारी आरोप दाखल झाले. त्यांनी राजीनामा दिला नाही म्हणून फियामे यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढले. पक्षाने उलट फियामे यांनाच काढले. पंतप्रधान आता स्वतःच्या पक्षाबाहेर, पाठीशी अल्पमत.

तरी सरकार चार महिने तगले, आणि ते का तगले हे आकड्यांतच दिसते. २५ फेब्रुवारीला तुइलाएपांचा अविश्वास ठराव: बाजूने १५, विरुद्ध ३४. ६ मार्चला लाआउलींचा ठराव: बाजूने १९, विरुद्ध ३२. दोन्ही विरोधी गटांना फियामे नको होत्या, पण एकमेकांचा ठराव जिंकायला दोघांनाही नको होता. २७ मे रोजी मतदान आले अर्थसंकल्पावर. तो कोणाच्याच नावावर जमा होणारा ठराव नव्हता. विरुद्ध पडलेली मते: ३४. पंधरा अधिक एकोणीस. बाजूने १६.

संसद विसर्जित झाली, २९ ऑगस्टला निवडणूक झाली. लाआउलींच्या फास्टला ३० जागा, मानवी हक्क संरक्षण पक्षाला १४, फियामे यांच्या नव्या सामोआ युनायटिंग पक्षाला ३, अपक्ष ४. लाआउली पंतप्रधान झाले. लोतोफाङाने फियामे यांना पुन्हा निवडून दिले.

मराठी-इंग्रजी लेखांत हमखास दिसणाऱ्या चुका कोणत्या?

‘पॅसिफिक बेटांतल्या पहिल्या महिला सरकारप्रमुख’: चूक. मार्शल बेटांच्या हिल्डा हाइनी २०१६ मध्येच अध्यक्ष झाल्या होत्या. ‘सामोआची राजकन्या’: उपाधी म्हणजे राजघराणे नव्हे. ‘सर्वाधिक काळ पंतप्रधान’: तो विक्रम तुइलाएपांचा. लांब आहे ती फियामे यांची खासदारकी. आणि ‘२०२१ मध्ये बंड करून सत्ता घेतली’ हे तर उलटेच. कुलूप दुसऱ्यांनी लावले होते.

जुन्या बातम्या वाचताना तारखा जुळत नाहीत. काय चुकते?

सामोआ भारताच्या साडेसात तास पुढे आहे. तिथे सकाळचे ९ तेव्हा आपल्याकडे त्याच तारखेची रात्री दीडची वेळ. उन्हाळी वेळ फियामे सरकारने २०२१ मध्ये बंद केली, त्यामुळे आता वर्षभर हाच फरक. २०२१ आधीच्या उन्हाळ्यातल्या, म्हणजे तिथल्या डिसेंबर-जानेवारीच्या, बातम्यांना एक तास जास्त धरावा.

त्याहून मागे गेलात तर आणखी एक खोच आहे. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस पाळलाच नाही. गुरुवार, २९ तारखेनंतर थेट शनिवार, ३१ उजाडला, कारण देश आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे आला. त्याआधी सामोआ भारताच्या साडेसोळा तास मागे होता. गंमत अशी की तेव्हाही तिथले सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीडच, पण पुढच्या तारखेचा. म्हणून १९८५ किंवा १९९१ च्या घटनांच्या तारखा भारतीय वर्तमानपत्रांच्या तारखांशी ताडून पाहताना घड्याळ तेच ठेवा आणि दिवस एकाने सरकवा.